टी. ओ. डी.

स्ट्रॉमनेसच्या वाचनालयामागच्या खोलीत
मंगळवारी आम्ही सहाजणी विणत बसतो.
एर्लंड फ्लेट नोव्हेंबरात आला,
जमीन हलतेय अशा बेताने पाय फाकवून दारात उभा.
म्हणाला, डॉक्टर सांगतात, डावा हात हलता ठेव.
चाळीस वर्षं खेकड्यांचे सापळे ओढलेला हात,
आता कपाचा कान धरतानाही थरथरणारा.

थोराने त्याला मोज्यांचा कागद दिला.
त्याने तो लांब धरला, मग जवळ, मग उलटा.
"के टू टॉग," त्याने वाचलं. "हा डोंगर ना?
माणसं मरतात म्हणे त्याच्यावर."
आम्ही हसलो. जरा जास्तच.
इंगा तर चष्मा काढून डोळे पुसत होती.
त्याने कागदाची घडी करून टोपीत ठेवली
आणि पुढच्या मंगळवारी तो आला नाही.

भांडी विसळताना मला आठवलं:
माझ्या पहिल्या दिवशी पी म्हणजे पान समजून
मी अख्खी संध्याकाळ पानं उलटत होते,
आणि कुणाला विचारायची लाज वाटत होती.

मग भरती-ओहोटीच्या जुन्या वेळापत्रकामागे
ठळक अक्षरांत लिहायला बसले.
के म्हणजे सुलट: सुई पुढच्या दाराने आत.
पी म्हणजे उलट: मागल्या दाराने.
के टू टॉग, डोंगर नाही; गारठलेले दोन टाके
एकाच कोटात शिरतात, एवढंच.
वाय. ओ. म्हणजे धागा सुईवरून घ्या. भोक पडेल.
पडू द्या, ती चूक नाही, नक्षी आहे.
कुणी "बेडूक झाला" म्हणालं तर घाबरू नका;
बेडूक ओरडतो रिप-इट, रिप-इट,
म्हणजे सगळं उसवा. (हा विनोद आहे. आम्हालाच हसू येतं.)
आणि यू. एफ. ओ. आकाशातून येत नाही,
ते अर्धवट टाकलेलं विणकाम, पलंगाखाली सापडतं.

धक्क्यावरच्या त्याच्या घरी नेऊन दिलं.
दारातच त्याने सगळं वाचलं, ओठ हलवत.
"हे आधी का नाही सांगितलं?"
"वाटलं, सगळ्यांना ठाऊक असतं."
"सगळ्यांना, म्हणजे तुम्हा सहाजणींना."

जानेवारीत मी आईची वही आणली.
तेलकट, चहाचे डाग पडलेली. त्यात मोज्यांची एक रीत,
आणि समासात तीनदा, पेन्सिलीने: टी. ओ. डी.
अकरा वर्षं मी ते विचारत फिरतेय.
थोरा म्हणते, दुहेरी धाग्यावर वळायचं असेल.
जेसिना म्हणते, शेटलंडकडची काही जुनी युक्ती.
इंगाने तसं विणूनही पाहिलं. टाच तिरकी आली.

एर्लंडने वही हातात घेतली नाही,
त्याचे टाके मोजून व्हायचे होते.
"वडिलांचं नाव काय तुझ्या?"
"डेव्हिड," मी म्हटलं. मग म्हटलं, "डेवी."
"मग काय," तो म्हणाला, आणि पुन्हा मोजू लागला.

ट्राय ऑन डेवी.
घोट्यापाशी एकदा. टाच वळल्यावर एकदा.
बोटं मिटवण्याआधी आणखी एकदा.
तीन वेळा तिने त्याला चुलीपाशी बोलावलं असेल,
तीन वेळा त्याचा ओला, मासळीचा वास येणारा पाय
स्वतःच्या मांडीवर घेतला असेल.
मला आठवतं त्या घरात
ती दोघं एकमेकांशी दाराबद्दल बोलायची: लाव, उघड.
कदाचित तसं नसेलही. डी म्हणजे
दुसरंच काहीतरी असेल.

खोलीत कुणी हसलं नाही.
बाहेर स्क्रॅबस्टरहून येणाऱ्या फेरीचा भोंगा झाला.
"आता पुढे काय?" एर्लंडने विचारलं,
सुई हवेत, हात थरथरतोय.
मी त्याच्या कागदावर बोट ठेवलं. "पी."
"मागल्या दाराने," तो म्हणाला,
आणि आत गेला.